साडेसहा किलो

पुएर्तो वायार्तात, एदुविहेसच्या लाँड्रीत
चार मशिनं, एक काटा,
आणि खिडकीतून बोटभर पॅसिफिक.
सीझनला थैल्या येतात त्यांत बहुतेक
दोन मापांचे शर्ट, दोन्ही पुरुषांचे.
ती विचारत नाही. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे,
वाळू दाराबाहेर झटकायची,
एवढंच तिचं मत.

चौकातल्या इंद्रधनुषी पट्ट्यांचे पोपडे निघालेत.
नगरपालिका म्हणते, डिसेंबरात बघू.

आज एका थैलीच्या तळाशी विटका सदरा.
कॉलरीला आतून उलटी टीप.
तशी टीप या गल्लीत एकटी आईच घालायची.
नाबोर गेला त्या रात्री
आईनं दिवा मालवला, म्हणाली,
मला मुलगा नव्हताच.
तेव्हा तो सतरा वर्षांचा, नुसती काडी.
हा सदरा तर पोक्त, पोट सुटलेल्या माणसाचा.
माप कुणी कळवलं तिला?
कुणाहाती धाडला?
आणि आपल्याला एका शब्दानं नाही, म्हातारे!

एदुविहेस तो मशिनीत टाकत नाही.
हातानं धुते, सावलीत घालते.
पावतीवर लिहिते: सहा किलो.
उद्या दोघं येतील.
दुकानात खुर्ची एकच आहे;
शेजारच्या मासेवाल्याकडून
आणखी एक आणायला हवी.