पाण्यात पाहणे

पहिलं सांगते ते हे : पाय उचलायचा नाही.
ओढायचा,
अंधारात खाटेखाली चप्पल शोधतो तसा.
वाळूत अंग पुरून पाकट झोपलेली असते,
तिला आधी कळू दे कुणी येतंय.
न सांगता आलेल्याला ती काट्यानं विचारते, कोण?

हिसानोरी मान डोलावतो. आणि पाय उचलतोच.
चाळीस वर्षं निइगाताच्या बंदरात
टगबोटीची इंजिनं ऐकलेला माणूस हा.
त्याला इंग्रजी वीसेक शब्द, मला जपानी एकही नाही.
आमच्यात एक घड्याळ आहे तेवढं :
तुझं नाक जिकडे, तिकडे बारा.
अकरा वाजता, मी म्हणते, चाळीस फूट.
पहिल्या दिवशी त्यानं मनगटाकडे पाहिलं होतं.

पाण्यात पाहणं म्हणजे इथे वैर नव्हे,
पोटाचा धंदा आहे.
इकारीला स्वतःचा रंग नसतो,
ती खालच्या वाळूचा पांघरते.
आधी सावली दिसते, मग सावलीची मालकीण,
तोवर ती गेलेली.
धरायची, क्षणभर हातात तोलायची, सोडायची.
सोडलेल्या माशाचे पैसे मिळतात
हे माझ्या आईला अजून पटलेलं नाही.
बाकीच्यांना आम्ही भाजून खातो, म्हणते,
ह्यांनी काय पुण्य केलं?

बाप, बारानिको, साठ पावलांवरून बघायचा.
उघड्या डोळ्यांनी. तीस वर्षं.
पांढरी वाळू, पांढरं पाणी, पांढरं ऊन.
आता दोन्ही डोळ्यांत कोपऱ्याकडून
मांस चढत आलंय, बुबुळापर्यंत,
भरतीसारखं, पण ओहोटी नसलेलं.
डॉक्टर विमानानं येतो. विमान बुधवारी येतं.
बाप म्हणतो, पुढच्या बुधवारी.

आज पहाटे तो न विचारता ट्रकमध्ये येऊन बसला.
टोपी घालून. अनवाणी.
मी काही बोलले नाही. हिसानोरीनं सरकून जागा दिली.

ढग होते. ढग असले की मीही आंधळीच :
सगळं पाणी कथलाच्या पत्र्यासारखं.
दोन तास आम्ही गुडघाभर पाण्यात
पत्र्यावर चालत राहिलो.
बाप पुढे, हिसानोरी त्याच्या मागे,
आणि बघते तर हा आता पाय ओढतोय,
बापाच्या पायात पाय घालून, अगदी तसाच.

इथे कडक, बाप म्हणाला. इथे शिंपले.
इथे मऊ.
मग थांबला. अंगठ्यानं तळ चाचपत,
उकरलेला एक खळगा, दुसरा, कडा अजून न ढासळलेल्या.
आत्ताच जेवून पुढे गेल्यात, म्हणाला.
मान थोडी वळवली. वारा गालावर घेतला.
दोन वाजता.

मी पाहिलं. काही नव्हतं.
पायाखालची वाळू सरकत होती,
आमच्याकडे ती वाईट बातमी नसते,
भरती लागली एवढंच.
मग ढगाला भोक पडलं
आणि दोन वाजता, जिथे काही नव्हतं तिथे,
आठ शेपट्या पाण्याबाहेर,
खरकट्या ताटात उभ्या राहिलेल्या चमच्यांसारख्या.

हिसानोरीनं काठी मागे घेतली. श्वासही.
दोर हवेत गेला, लांब, सुंदर,
आणि पिसांची ती खोटी कोळंबी
थेट त्यांच्या डोक्यावर पडली, चपराकीसारखी.
सगळं पाणी एकदम उठलं आणि गेलं.

गेल्या? बापानं विचारलं.
गेल्या, मी म्हटलं.
किती होत्या?
मी आठ म्हणायच्या आत
हिसानोरीनं त्याचा हात धरून
तळव्यावर बोटानं आठ रेघा ओढल्या.
एकेक करून. घाई न करता.
मग दोघं म्हातारे हसत सुटले, कमरेत वाकून,
आणि त्या हसण्यानं
आसपास उरलेले मासेही पळाले असणार.

संध्याकाळी पैसे मोजून मी डब्यात टाकले.
बुधवारचं काही काढलं नाही, त्यानंही नाही.
टाकीतलं गोडं पाणी तांब्यात घेऊन
तो पायरीवर बसला होता,
पाय धुवत, एकेक बोट, मधली वाळू,
टाच उजेडाकडे वळवून,
चष्मा पुसावा तसे.