शिक्का

वडील कुर्ले नगरपालिकेत
जन्म-मृत्यूच्या टेबलावर होते.
गाव मुंबईत विलीन झालं त्या दिवशी
साहेबांनी पेढे वाटले.
दिवाबत्तीवाल्या बाबल्या ठोंबरेला नवा बिल्ला मिळाला
आणि बदली, थेट भायखळ्याला.
तिथले सगळे दिवे विजेचे.

दौती, खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळ
मोजून सह्या घेऊन नेलं.
रबरी शिक्का कुणी मागितलाच नाही.
रजिस्टरात गावासाठी रकाना नव्हता,
वडिलांनी शेवटच्या ओळीखाली नुसती रेघ मारली
आणि शिक्का रुमालात बांधून घरी आणला,
लग्नातला लाडू आणावा तसा.
आई म्हणाली, याचं काय करायचं?
ते म्हणाले, असू दे.

मी सात वर्षांची.
त्या उन्हाळ्यात कुर्ले नगरपालिकेने मंजूर केले
एक फणस, दोन मांजरं, धाकट्या मधूचं पोट
आणि कैतान मिरांडाच्या विहिरीवरचा रहाट.
कैतानबाबा दाढी अर्धी ठेवून बाहेर आले,
म्हणाले, पोच देऊ का?
आणि माझ्या पाटीवर खडूने सही केली.

अलिबागचा मामा पुढेही कितीतरी वर्षं
तालुका साष्टी, जिल्हा ठाणे असंच लिहायचा.
कार्डं यायची.
मलेरियावाले आले, विहिरीवर जाळी बसली,
जाळीवर स्लॅब, स्लॅबवर पिवळे पट्टे.
कैतानबाबांची सून आनमारी
अजून म्हणते, स्कूटर विहिरीवर लावलीय.

आता समोरच्या टॉवरच्या पत्रकात
आम्ही राहतो त्या जागेला
बीकेसी अ‍ॅनेक्स म्हणतात.

वॉर्ड ऑफिसातला मुलगा चांगला होता.
आजी बसा म्हणाला, पंखा वळवला.
घर बासष्टच्या आधीचं, याला पुरावा?
मी माझाच जन्मदाखला पुढे केला:
पत्त्यात हेच घर, अक्षर वडिलांचं,
बापाचा धंदा: कारकून,
खाली गोल, जांभळा, नीट उठलेला शिक्का.
त्याने यादी वर सरकवली, खाली सरकवली.
ही नगरपालिका सिस्टीममध्ये येत नाहीये, आजी.
त्याला खरंच वाईट वाटलं.

घरी येऊन डबा उघडला.
रबर कडक झालंय, कडेने तडकलंय.
सगळं गाव अजून त्यात आहे, उलट्या अक्षरांत,
डावीकडून वाचू गेलं तर काहीच लागत नाही.
मधूच्या नातीचा स्टॅम्प पॅड घेतला,
लाईट बिलाच्या पाठीवर दाबला,
दोन्ही हातांनी, बोटं दुखेपर्यंत.

र्ले न र लिका

आनमारी किल्ली मागायला आली होती.
चष्मा कपाळावरून खाली घेतला,
बिल उजेडात धरलं, बराच वेळ.
मग म्हणाली,
पोच देऊ का?