रन सात

डुलुथ. फेब्रुवारी. बंदरातलं पाणी गोठलेलं,
मालाची जहाजं हिवाळ्यापुरती नांगरून पडलेली,
आणि शाळेच्या तळमजल्यावर
टेबलाच्या कडेला लावलेला मोशन सेन्सर
पालीसारखा चुकचुकतोय.
सेकंदाला वीस वेळा.
इतक्या शंका माझ्या आईलाही कधी आल्या नाहीत.

साधी गोष्ट आहे, मी दुसऱ्या तासाच्या मुलांना सांगतो:
तो हाक मारतो, पुठ्ठ्यावर आपटून हाक परत येते,
लागलेल्या वेळावरून अंतर.
फार जवळ जाऊ नका. पंधरा सेंटिमीटरच्या आत
आलेल्या माणसाचं त्याला काही कळत नाही.
मागून कुणीतरी हसतं.

गाडी उतारावर सोडली की
अंतराचा आलेख शहाण्या मुलासारखा वळतो.
वेगाचा जरा अडखळतो.
त्वरणाचा मात्र, भांडण चालू असलेलं घर.
म्हणून सॉफ्टवेअर. स्मूदिंग. खिडकी पाचची:
प्रत्येक बिंदू डावीकडच्या दोघांना, उजवीकडच्या दोघांना विचारतो
आणि चार लोक काय म्हणतील त्या हिशेबाने
आपली जागा ठरवतो.
आमच्याकडे याला सारवासारव म्हणतात,
हे इंग्रजीत सांगायला मी दरवर्षी जातो. दरवर्षी फसतो.

आज ॲनिका लाहती म्हणाली, मिस्टर टिल्लू,
आधी शून्य वेग बघू या.
तुम्ही पुठ्ठा धरून नुसते उभे राहा.
राहिलो. अर्ध्या मीटरवर. दहा सेकंद.
पडद्यावर करवतीचे बारीक दाते.
सेन्सर बिघडलाय, म्हणाली. दुसरा लावला.
तेच दाते.
केबल बदलली. तेच.
मग पुठ्ठा माझ्या हातातून घेऊन
स्वतः धरला:
सरळ रेघ, बाहेरच्या बर्फासारखी.

तिच्या मनातली पाल मला ऐकू आली.
ओळखीची होती. ऑक्टोबरपासून
दाढी करताना, कपबशी उचलताना ऐकतोय.
बायकोला सांगितलंय, कॉफी जास्त होते.

कुणी बोललं नाही.
ब्यूलियू गाडीची चाकं फिरवत बसला.
ॲनिकाने खिडकी पाचची केली, सातची, अकराची,
आणि मी पडद्यावर हळूहळू
धडधाकट होत गेलो.

अहवालात काय लिहू? नॉईज?
विचारलं तिने, कीबोर्डकडे बघत.
म्हणालो, जे मोजलंस ते लिही.
आणि मूळ आकडे पुसायचे नाहीत, कुठल्याच प्रयोगात.
(मास्तर माणूस. याहून मोठं धाडस सुचलं नाही.)

घंटा झाली. सेन्सर बंद करायचा राहिला.
रिकाम्या खोलीत तो समोरच्या भिंतीला
पुन्हा पुन्हा तेच विचारत होता,
भिंत न कंटाळता तेच सांगत होती.
फाइल तिने ठेवली होती. नाव: रन सात, मिस्टर टी, मूळ.
उघडली. खिडकी एकची केली, शेजारीपाजारी नकोत,
आणि पेन्सिलच्या टोकाने
दाते मोजले.
दहा सेकंदांत अठ्ठेचाळीस.