कोबीवरचं वजन

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला
आणि म्हणाल्या, कामशात, हाडं विरळ होताहेत,
उचला काहीतरी जड. रोज.
सव्वीस वर्षं तेमिरताऊची ट्राम चालवली मी,
जड म्हणजे काय ते मला कुणी शिकवावं!

तरी गेले दुकानात.
सान्झार नावाचा पोरगा, दंड बाउरसाकसारखे तळून फुगलेले,
म्हणाला, आजी, तुमचं ध्येय काय?
मी म्हटलं, आधी किमती सांग.

पहिला तो पट्टा. बटण दाबलं की पायांखालून पळतो,
आपण चालायचं आणि कुठंच जायचं नाही.
बाळा, तेच केलं की मी. डेपो ते कारखाना, कारखाना ते डेपो,
निदान माणसं तरी चढत-उतरत होती.

मग ते अगडबंब यंत्र, साखळ्या, कप्प्या, गादी,
एकात अकरा व्यायाम.
माझी खोली अठरा चौरस मीटर. त्यात पलंग, कपाट, शिवणयंत्र,
आणि मार्चपासून खिडकीत टोमॅटोची रोपं.
नाकापेक्षा मोती जड.
हे घरात आलं तर मी निजायचं जिन्यात.

रबरी पट्ट्या स्वस्त होत्या. ओढून पाहिल्या,
नातवाच्या चड्डीचं इलॅस्टिक आठवलं, ठेवून दिल्या.
दाराच्या चौकटीत अडकवायची दांडी?
आमची चौकट माझ्याआधी खाली येईल.

तो पुन्हा विचारतो, पण ध्येय?

सांगितलं नाही त्याला.
गेल्या शरदात दिराच्या चाळिसाव्याचं जेवण.
जमिनीवर दस्तरखान, मांडी घालून बसले,
मांस झालं, चहा झाला, दुवा झाली, सगळे उठले.
मी नाही उठले.
दोन सुनांनी काखेत हात घालून उचललं मला
मैद्याचं पोतं उचलतात तसं,
आणि एकीनं वर माझा झगा सारखा केला.
प्रेमानंच केला. तेच लागलं.

येताना बाजारात कोबी घ्यायला थांबले.
लिडिया खेगायच्या पिंपावर झाकण, झाकणावर फळी,
फळीवर काळं लोखंड, वर धरायला कडी,
पोटावर ओतीव आकडा: बारा.
गीर! आमच्या अंगणात पोरं फिरवायची असली,
मुलींनी बघावं म्हणून. आम्ही बघायचो.
म्हटलं, लिडिया, ही विकतेस?
म्हणाली, मग माझ्या कोबीला कोण दाबणार, तुझा नवरा?
नवरा सात वर्षं मातीखाली आहे, तिला ठाऊक होतं.
आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारची मासेवाली चिडली.
ठरलं: पंधराशे टेंगे, आणि बदल्यात एक धोंडा.
गुळगुळीत हवा. नदीतला नको,
नदी कारखान्याचं पाणी पिते.

चौथा मजला, लिफ्ट नाही.
जिन्याच्या प्रत्येक वळणावर टेकवली,
म्हणजे तितक्यांदा वाकले, तितक्यांदा उठले.
दार उघडेपर्यंत आजचा व्यायाम झालाच होता.

तरी रात्री नमद्याची घडी घालून वर ठेवली,
पाय फाकवून, पाठ सरळ,
डॉक्टरीणबाईंच्या कागदावरच्या बिनचेहऱ्याच्या माणसासारखी.
एक. दोन. तिसऱ्याला सुटली.
खालच्या गेन्नादी लुकीचनं चमच्यानं पाइप वाजवला.

सकाळी तो दारात. मी माफी मागायला तोंड उघडलं.
त्यानं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, हुंगलं,
खारवलेल्या कोबीचा वास अजून गेला नव्हता.
किती किलोची?
बारा.
हं. माझी चोवीसची होती. मेहुण्यानं नेली,
उद्या देतो म्हणाला. एकतीस वर्षं झाली.

सपाता काढून आत आला, तळहात विजारीला पुसले, वाकला,
आणि वाकलेलाच राहिला थोडा वेळ.

मी काही पाहिलंच नाही अशी आधण ठेवायला गेले.
टेबल होतं, खुर्च्या होत्या,
पण दस्तरखान जमिनीवर अंथरला.
म्हटलं, बसा लुकीच,
बघू कोण आधी उठतं.