खालचा सिलिंडर

शापोऱ्याच्या धक्क्याला ओहोटी लागलेली.
अकराव्यांदा दोरी ओढली तेव्हा पेटलं ते,
पण खोकत, थुंकत, निळा धूर सोडत.
चाळीस घोडे म्हणून घेतलेलं इंजिन,
त्यातले वीस तरी लंगडे.

शिवोलीहून मिंगेल मेस्त आला स्कूटरवर,
पायांत हवाई चपला, खिशात एकच स्क्रू-ड्रायव्हर.
आधी टाकीच्या झाकणाचा स्क्रू बघितला: हवा घेतेय?
घेत होती.
रबरी फुगा दाबला. टणक झाला, टणक राहिला.
तळातलं पेट्रोल बाटलीत काढून उन्हात धरलं:
पाण्याचे दोन थेंब, काचेच्या मण्यांसारखे.
"एवढ्यानं कोण मरत नाही."

मग स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं,
मूठ डाव्या कानाला.
त्या कानानं त्याला माणसांचं बोलणं ऐकू येत नाही.
डोळे मिटून उभा राहिला, बराच वेळ.

वरच्या प्लगची टोपी उपटली: इंजिन गचकन बंद.
पुन्हा ओढलं. खालच्या प्लगची उपटली:
काही नाही. तोच आवाज, तोच धूर,
जसं कुणी पंगतीतून उठून गेलं
आणि वाढणाऱ्याला कळलंच नाही.

इंजिन रोयदासचं नि माझं, निम्मंनिम्मं.
तो आता मोप्याच्या विमानतळावर टॅक्सी लावतो.
नारळी पुनवेपासून बोलणं नाही.
कारण सांगण्यासारखं नाही, एका जाळ्याचं.
मी मनात म्हटलं, खालचा सिलिंडर त्याचा.

प्लगांची अदलाबदल केली. दोष जागचा हलला नाही.
कॉइलींची केली. तरी खालीच.
"ठिणगी आहे," मेस्त म्हणाला, "पोटात अन्न नाही."
खालचा कार्बोरेटर उघडला.
आत हिरवट चीक, फणसाचा वाळतो तसा,
जेटच्या भोकावर बसलेला.
मी तांब्याची तार पुढे केली,
त्यानं माझ्या हातावर चापट मारली.
"तारेनं भोक मोठं होतं. मग जन्मभर जास्त पितं."
तंगूस मागितली, शेवटे धरायची बारीक,
टोक दातानं तोडलं
आणि सुईत दोरा ओवावा तसा ओवत राहिला.

"किती दिवस बसून होतं?"
चार महिने, मी म्हटलं. पाच असतील.
"आजार नाही हा, बाब. नुसतं बसून राहणं."

उन्हं उतरताना दोन्ही सिलिंडर बोलले.
थंडाव्याच्या पाण्याची धार मात्र थेंबथेंब.
त्याच तंगुशीनं ते भोक टोचलं,
तिसरीचं एक पिल्लू निघालं, भाताच्या दाण्याएवढं,
त्यामागून धार, कमान धरून.

रेतीच्या पट्ट्यापर्यंत जाऊन आलो, एकटा.
निम्म्या वेगात ठीक.
मूठ पूर्ण पिळली की एक उचकी.
मेस्त होडीत चढत नाही, त्याला बोट लागते.
धक्क्यावरूनच ओरडला:
"उचकी लागली की फुगा दाब!
सुधारलं तर पंप कमजोर, नाहीतर दुसरं काही!"
आणि मूठ कोण धरणार?
"माणूस घे ना एक!"
तीनशे घेतले, सुटे नव्हते म्हणून
वीस परत द्यायचे राहिले.

काळोख पडत होता. मोप्याला उतरणारं विमान
दिवे लावून नदीवरून गेलं.
रोयदास रांगेत असेल, नंबर यायची वाट बघत.
मी लुंगीला हात पुसले,
वास जात नाही हे ठाऊक असून,
आणि लिहिलं:
फुगा दाबायला माणूस पाहिजे. उद्या, सकाळच्या भरतीला.

पाठवलं.
मग वाटलं,
कसला फुगा ते लिहायला हवं होतं.