नाकासमोर

नकाशात त्याला नाव नाही.
आमच्या कागदांत तो फक्त एक निळी रेघ,
तीही पट्टीनं मारलेली.
पट्टी माझ्या बापाची.

त्या साली मी एकोणीस वर्षांचा,
भाड्याच्या खोदयंत्रावर बसलो होतो
आणि बाप पुढे उलटा चालत
हातानं दाखवत होता : इकडून. अस्सा. सरळ.
तीन दिवसांत अकरा वळणं बुजवली,
लव्हाळ्यांसकट. आत काय काय होतं ते
बघायला कोणी थांबलं नाही.
संध्याकाळी बिअर उघडून बाप म्हणाला,
आता कसा नाकासमोर चालतोय!

चालला. चाळीस वर्षं चालला.
नाकासमोर चालणारा माणूस
दारात कोणाशी बोलायला थांबत नाही,
तसाच.
टेकडीची माती उचलायची,
गाईंनी गुडघाभर पाण्यात उभं राहून जे सोडलं ते उचलायचं,
गवताला पुरून उरलेलं खत,
आणि सगळं खाली मॅकिव्हरच्या कुरणात नेऊन ओतायचं.
मॅकिव्हर पुढे ढकलायचा. पुढे समुद्र.
समुद्राला कोण विचारतो?

नायरीनं एकदा जेवताना विचारलं होतं,
लहानपणी तू यात पाय सोडून बसायचास ना?
मी बटाटे तिच्याकडे सरकवले.

मग एका जूनमध्ये मोरी तुंबली.
गारठ्यात पालथा पडून मी खांद्यापर्यंत हात घातला
आणि आतल्या अंधारात
कुणीतरी माझ्या हाताएवढंच जाड
माझ्या हाताला लागून सावकाश वळलं.

होआनीला बोलावलं. त्याच्या घरात चार पिढ्या वाम ओळखतात.
तो विजेरी धरून बराच वेळ ओणवा राहिला.
म्हणाला, बाई आहे. तुझ्यापेक्षा वयानं मोठी असेल.
तुम्ही ओढा सरळ केलात तेव्हाही इथंच असणार.
एकदाच निघेल ती, उत्तरेच्या कोमट समुद्रात,
पोरं घालेल, आणि संपेल.
पोरं येतील काडीएवढी, आरपार दिसणारी,
एवढा समुद्र तोडून तुझ्या मोरीपाशी येतील,
आणि मोरीचं तोंड बघ, पाण्यापासून हातभर वर लोंबतंय.

एवढंच म्हणाला. चहा घेऊन गेला.

शिंपल्यांच्या शेतीतला जुना केसाळ दोर मिळाला,
तो मोरीतून ओवला, वर खुंटीला बांधला,
खालचं टोक पाण्यात सोडलं.
माझ्या हयातीत मी बांधलेला हा सगळ्यात छोटा पूल.

कुंपणाचं मात्र भांडण झालं.
फर्गसनं आकडा काढला : दोन्ही काठ मिळून सव्वा हेक्टर,
म्हणजे इतक्या गाई, म्हणजे इतकं दूध.
पोरगा हिशेबात चुकत नाही. मी तरी कुठे म्हटलं चुकतोय?
पाच पाच मीटर सोडून खांब ठोकले,
गाईंना वर टाकीत पाणी दिलं.
लावलेल्या रोपांतली निम्मी कडाक्यानं मारली,
उरलेल्यांतली निम्मी त्या लाल चोचीच्या निळ्या पक्ष्यांनी
ओळीनं उपटून ठेवली, शाळा भरवल्यासारखी.
पुन्हा लावली.
पहिल्या वर्षी काही म्हणजे काही बदललं नाही.
दुसऱ्या वर्षी पावसानंतर पाणी
तीन दिवसांऐवजी दोन दिवस गढूळ राहिलं.
हे फक्त नायरीच्या लक्षात आलं.

मॅकिव्हर कुंपणाला टेकून म्हणाला,
एवढं गवत माजलंय, कापत का नाहीस?
तुझं कुठेतरी पाणी मुरतंय.
म्हटलं, हो. मुरतंय.

आणि यंदा सातव्या खांबापाशी
ओढ्यानं काठाचा घास घेतला,
समोरच्या बाजूला वाळूची जीभ काढली.
बरोबर तिथंच, जिथं मी चौथं वळण बुजवलं होतं.
फर्गस म्हणाला, वाकड्या वाटेला लागलाय,
खोदयंत्र मागवू?

खांब मागे घेऊ, मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. पहार घेऊन आला.
खांब चांगलाच रुतला होता, दोघं लागलो.

ती पुन्हा दिसलेली नाही.
मोरी आता तुंबत नाही,
आणि उगाच कुणाच्या घरात हात कशाला घालायचा?