फाब्रिक

पेडण्याहून बदली होऊन आलेला मी
चिंचणीचे एक-चौदाचे उतारे चाळत होतो.
शेत: फाब्रिक. पुढचे शेत: फाब्रिक.
सतरा माडांचे भाट, तेही फाब्रिकचेच.
वाटले, असेल कोणी धनाढ्य बाई,
वारस न लावता लिस्बनला जाऊन बसलेली.
मग वाटले, कापड. मग कारखाना.

इगर्जीचा हिशेब रुझार बुतेलो बघतात.
मागच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या आडोशाला
त्यांनी वही उघडली, बनियनला चष्मा पुसला.
'फाब्रिक म्हणजे,' म्हणाले, आणि थांबले.
'इगर्ज नव्हे. इगर्ज देवाची.
फाब्रिक म्हणजे तिचा चुना, तिची कौले,
वाळवीचे औषध, घंटेचा दोर.
देवाला हे सांगून कळत नाही.'

वहीत होते:
वितळवायचे मेण, पावणेदोन किलो.
नारळांचे आले, चारशे दहा.
दोराचे गेले, सहाशे.
आणि समासात, पेन्सिलीने, बारीक:
एकशे नव्वद, रु. बु.
माझे बोट तिथे पोचायच्या आत
त्यांनी वही मिटली.
'चहा घेणार?'

भर उन्हात बसची वाट बघताना
मी आठवत राहिलो,
आमच्या देवीच्या समईच्या तेलाला,
गळक्या पन्हळीला,
आणि कोणाच्या तरी खिशातून गुपचूप गेलेल्या
एकशे नव्वदला
सगळ्यांना मिळून
पेडण्यात काय म्हणतात.

बाराची घंटा झाली.
दोर नवा होता, कुरकुरत होता.